‘बस’चा मार्ग : ध्वनिमिश्रणांतील एक पाठ

‘बस’ हा शब्द कानीं पडतांच थांब्यावरची रांग आणि कंडक्टरची घंटा आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. मुंबईंत पहिली मोटार-बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धांवली, आणि पुढें हा शब्द मराठींत इतका रुळला कीं तो परका आहे याचें स्मरणहि कोणास उरलें नाहीं. मूळ लॅटिन शब्द ‘ऑम्निबस’. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठीं’. वाटेंत हात दाखवील त्यास घेणाऱ्या घोडागाडीस फ्रान्समध्यें हें नांव पडलें. नंतर विजेच्या कारखान्यांत अनेक तारांचा प्रवाह ज्या एका जाड धातूच्या पट्टीवर आणून सोडीत, त्या पट्टीसहि तेंच नांव मिळालें. आणि तेथून तो शब्द ध्वनिमुद्रणाच्या खोलींत आला. अनेक आवाज ज्या एका वाटेवर एकत्र होऊन पुढें जातात, ती वाट म्हणजे ध्वनिमिश्रणांतील बस होय. आज ही वाट तांब्याची नसून संगणकांतील आंकड्यांची आहे. परंतु ती आंखण्यांत चूक झाली तर गाण्याचें जें नुकसान व्हावयाचें तें होतेंच.

विद्यार्थिमित्रहो, अशी एक चूक माझ्याच हातून झाली, आणि म्हणून हा पाठ लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार पोहोंचतो. गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनांतील समूहगीत मुद्रित करून पालकांकडे पाठवावें असें ठरलें व तें काम मजकडे आलें. त्या गीताच्या मध्यावर आठवींतील एका मुलीच्या एकटीच्या चार ओळी होत्या. तिचे वडील जहाजावर नोकरीस असल्यामुळें संमेलनास येणें त्यांस शक्य नव्हतें. गीताची फाईल त्यांस पाठविली. आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं, गाणें छान झालें आहे, परंतु यांत आमच्या मुलीचा आवाज कोणता? तें वाचून मी ओशाळलों. मुलगी उत्तम गायली होती. दोष तिच्या गळ्याचा नव्हता, तिच्या आवाजासाठीं मीं आंखलेल्या वाटेचा होता.

प्रथम आमच्या सामग्रीचा हिशेब सांगतों. मुद्रणयंत्रास एका वेळीं आठ मायक्रोफोन जोडतां येत होते. पहिल्या फेरींत वाद्यें घेतलीं : तबल्याचे दोन, ढोलकीचा एक व टाळांचा एक, असे तालाचे चार ट्रॅक, हार्मोनियमचे दोन, व्हायोलिनचा एक व विजेच्या तानपुऱ्याचा एक, असे सुरांचे चार. नंतर समूह चार मायक्रोफोनांपुढें उभा करून तेंच गीत दोनदां गाऊन घेतलें. ते झाले आठ. शेवटीं त्या मुलीचा एक व निवेदनाचा एक. एकूण अठरा ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकास स्वतःचा फेडर असतो. फेडर म्हणजे आवाज चढविण्याउतरविण्याची सरकती मूठ. अठरा मुठी आणि माणसास हात दोन! समूह किंचित् उतरवावयाचा म्हटलें कीं आठ मुठी सारख्या प्रमाणांत खालीं ओढाव्या लागणार, आणि एक जरी मागें राहिली तरी मुलांमुलींच्या आवाजांचा तोल गेलाच.

याकरितां गट-बस असते. समूहाचे आठहि ट्रॅक थेट अखेरच्या मास्टरकडे न सोडतां आधीं ‘समूह’ नांवाच्या बसवर आणावयाचे आणि ती बस पुढें न्यावयाची. ओढे नदीस मिळावेत, तसे हे आवाज एक होतात. मग नदीच्या मुखाशीं एकच दार पुरतें. आम्हीं ‘ताल’, ‘सूर’, ‘समूह’ अशा तीन बस केल्या, एकल गायन स्वतंत्र ठेवलें, आणि हें सर्व ‘संगीत’ नांवाच्या एका मोठ्या बसवर आणून मग मास्टरला जोडलें. निवेदन मात्र ‘संगीत’मध्यें न घालतां परस्पर मास्टरकडे नेलें, त्याचें कारण पुढें येईल.

येथें वरच्या वर्गांतील मुलांनीं थोडें गणित ध्यानांत घ्यावें. हुबेहूब सारखे दोन ध्वनि एका बसवर मिळाले तर पातळी सुमारें ६ डेसिबलनें वाढते. भिन्न स्वरूपाचे, परंतु सारख्या जोराचे दोन ध्वनि मिळाले तर सुमारें ३ डेसिबलनें. त्या हिशेबानें सारख्या जोराचे आठ भिन्न आवाज एकत्र येतांच बसची पातळी एकट्या आवाजाहून सुमारें ९ डेसिबल वर जाते. म्हणजे कोणीहि मोठ्यानें गात नसतां केवळ एकत्र आल्यानें गर्दी होते. नव्या सॉफ्टवेअरमध्यें आंतील बेरीज तरंगत्या दशांशानें चालते (रीपर या सॉफ्टवेअरमध्यें ६४ बिटांची), म्हणून मधल्या बसवर पातळी शून्याच्या वर गेली तरी ध्वनि लागलाच फाटत नाहीं. परंतु मास्टरवर तशीच राहिली आणि तेथून साध्या १६ किंवा २४ बिटांच्या फाईलमध्यें उतरली, कीं लाटांचे माथे छाटले जातात व गाणें फाटक्या कर्ण्यासारखें ऐकूं येतें. म्हणून प्रारंभींच सर्व ट्रॅक खालीं ठेवून बसवर जागा राखावी. नवशिका नेमकें उलट करतो : जें ऐकूं येत नाहीं तें चढवीत जातो. मीं तेंच केलें, तें सांगेनच.

बसचा दुसरा उपयोग गट बांधण्याचा नसून फांटा काढण्याचा आहे, आणि खरी गोम त्यांतच आहे. १९४७ मध्यें शिकागो येथें बिल पटनम या ध्वनिमुद्रकानें हार्मोनिकॅट्स नांवाच्या तोंडबाजा वाजविणाऱ्या मंडळींचें ‘पेग ओ’ माय हार्ट’ हें गीत मुद्रित करतांना एक चमत्कारिक युक्ति केली. त्यानें वाद्याच्या ध्वनीचा एक फांटा स्नानगृहांत नेऊन कर्ण्यांतून सोडला. तेथील गुळगुळीत भिंतींवर तो घुमला. आणि तो घुमलेला नाद दुसऱ्या मायक्रोफोननें उचलून मूळ ध्वनींत मिसळला. आज आपण जो रिव्हर्ब म्हणतों, म्हणजे मोठ्या दालनांत आवाजामागें रेंगाळणारा नाद, त्याची वाट अजूनहि अशीच आहे. स्नानगृहाच्या जागीं एक प्लगिन आलें एवढेंच. ट्रॅकावरून फांटा काढून एका बसवर पाठवावयाचा, त्या बसवर रिव्हर्ब बसवावयाचा, आणि तेथून परत येणारा नाद मिश्रणांत घ्यावयाचा. पाठविण्याच्या वाटेस सेंड व परतीच्या वाटेस रिटर्न म्हणतात. या बसवरच्या रिव्हर्बमधून केवळ घुमलेलाच नाद बाहेर पडला पाहिजे. त्यांत कोरडा मूळ ध्वनि राहिला, तर तो दोन वाटांनीं पोहोंचून पातळी उगाच फुगते. आम्हीं ही बस ‘सभागृह’ या नांवानें ठेवली. सर्व आवाज एकाच कल्पित दालनांत घुमले म्हणजे ते एकाच ठिकाणीं बसून गात आहेत असा भास होतो. प्रत्येक ट्रॅकावर निराळा रिव्हर्ब लावल्यास एक जण विहिरींत आणि दुसरा मांडवांत असें वाटूं लागतें, शिवाय संगणकास भार होतो तो वेगळाच.

आतां फांटा काढावा कोठून? ज्यांच्या घरीं बागाईत आहे त्यांस हें एका वाक्यांत कळेल. पाटाचें पाणी दाराशीं येतें. दार कमीजास्त करून आपण तें शेतांत घेतों. चारी दाराच्या खालच्या अंगास फोडली असेल, तर दार मिटतांच चारीचेंहि पाणी आटतें. तीच दाराच्या वरच्या अंगास फोडली असेल, तर दार घट्ट मिटा, चारी वाहतच राहणार. फेडर हें दार आणि सेंड ही चारी. फेडरनंतरचा सेंड फेडरचें ऐकतो; फेडरपूर्वींचा सेंड ऐकत नाहीं. दोन्ही आपापल्या जागीं योग्य आहेत. गायकाच्या कानांतील हेडफोनला जो ध्वनि द्यावयाचा, तो फेडरपूर्वींचा असावा. म्हणजे आपण मिश्रण ऐकतांना मुठी खालींवर केल्या तरी गाणाऱ्याच्या कानांतला स्वर ढळत नाहीं. रिव्हर्बचा सेंड मात्र बहुतेक वेळां फेडरनंतरचा असावा, नाहीं तर आवाज उतरविला तरी त्याचा नाद मागें उरेल.

इतकें मला ठाऊक होतें, आणि प्रत्येक ट्रॅकावरून मीं फेडरनंतरचेच सेंड घेतले होते. तरीहि फसलों. तें कसें, तें पाहा.

त्या मुलीच्या चार ओळी चालूं असतां समूह मागें आकार लावून गुणगुणत असे. तिला वाट मिळावी म्हणून त्या चार ओळींपुरता मीं ‘समूह’ बसचा फेडर ६ डेसिबलनें, म्हणजे लाटेच्या मापानें निम्म्यावर, उतरविला. समूह उतरला, पण मुलगी स्पष्ट होईना. उलट समूह दालनाच्या पार दुसऱ्या टोंकास जाऊन उभा राहिला आहे आणि मध्यें धुकें पसरलें आहे असें वाटूं लागलें. तिचीं व्यंजनें त्या धुक्यांत बुडत होतीं. मीं तिचा फेडर ३ डेसिबलनें चढविला. तिचा सेंड फेडरनंतरचा, म्हणून तिचा नादहि तितकाच चढला व धुकें आणखी दाटलें. मग तिला सुरांचा आधार कमी पडतो असें वाटून हार्मोनियम चढविली. मग तबला दबला, तो चढविला. शेवटीं मास्टरवर लाल दिवा लागला, म्हणून मास्टर खालीं घेतला. तासाभराच्या खटपटीनंतर मी होतों तेथेंच होतों, फक्त कान दमले होते. तशीच फाईल पालकांकडे गेली.

पत्र आल्यावर मीं नववीच्या वर्गांत फळ्यावर सर्व वाटा काढल्या : ट्रॅकाचे चौकोन, फेडरच्या आडव्या रेघा, बसचे बाण. उसाची शेती असलेल्या घरचा एक मुलगा बराच वेळ त्याकडे पाहत होता. तो उठून म्हणाला, “सर, तुम्ही दार खालचं बंद करताय. चारी तर वरच फुटलीय!”

अगदीं बरोबर. माझे आठ सेंड आठ ट्रॅकांच्या फेडरनंतर होते खरे. परंतु ‘समूह’ बसचा फेडर त्यांच्याहि पुढें होता. रिव्हर्बकडे जाणारें पाणी बसपर्यंत येण्यापूर्वींच फुटत होतें. बसचें दार मीं अर्धें मिटलें तेव्हां समूहाचा कोरडा आवाज निम्म्यावर आला, नाद मात्र पुरताच राहिला. ट्रॅकापाशीं पाहिलें तर सेंड फेडरनंतरचा. बसपाशीं पाहिलें तर तोच फेडरपूर्वींचा. म्हणून सेंड कसा आहे असें विचारून भागत नाहीं. कोणत्या फेडरच्या मानानें, असें विचारावें लागतें. सॉफ्टवेअरच्या खिडकींत हें सहसा नजरेस येत नाहीं, कारण तेथें एकेक ट्रॅक सुटा दिसतो. कागदावर सबंध वाट काढली कीं दिसतें.

यास उपाय तीन आहेत. पहिला : ट्रॅकांवरचे सेंड काढून टाकावे आणि ‘समूह’ बसच्याच फेडरनंतर एक सेंड काढावा. यांत तोटा इतकाच कीं पुढच्या रांगेस कमी व मागच्या रांगेस अधिक नाद, असा भेद करतां येत नाहीं. दुसरा : समूहापुरता निराळा रिव्हर्ब ठेवून त्याचा रिटर्न ‘समूह’ बसवरच आणावा, मग दार मिटतांच दोन्ही उतरतात, परंतु एकच दालन सर्वांस ही सोय जाते. तिसरा : बसचा फेडर न हालवितां व्हीसीए नांवाचा फेडर वापरावा. याच्यांतून ध्वनि मुळींच वाहत नाहीं. तो पाटावरचें दार नसून दारें धरणाऱ्या गड्यांचा मुकादम आहे. त्यानें सांगितलें कीं आठहि गडी आपापलें दार सारख्या मापानें उतरवितात, आणि फेडरनंतरचे सेंडहि त्याबरोबर उतरतात. आम्हीं समूहासाठीं पहिला उपाय केला. तालासाठीं तिसरा पत्करला, कारण तेथें भेद हवा होता : टाळास व तबल्यास थोडा नाद शोभतो, पण डग्ग्याचा घुमार दालनांत सोडला तर सर्व गाणें घोंगडींत गुंडाळल्यासारखें होतें. डग्ग्याचा सेंड आम्हीं बंदच ठेवला आणि ‘सभागृह’ बसवर सुमारें २०० हर्ट्झच्या खालील ध्वनि गाळून टाकला.

मुलगी पहिल्या पातळीवर परत आणली, हार्मोनियम व तबलाहि. कोणासहि चढवावें लागलें नाहीं. दुसरी फाईल गेली, तेव्हां वडिलांनीं प्रश्न विचारला नाहीं. तिसऱ्या ओळींत ‘ती मध्येंच श्वास घेते, तो ओळीच्या आधीं घ्यावयास सांगा’ एवढेंच कळविलें. तें खरेंच होतें.

आतां निवेदनाचें. निवेदक बोलूं लागला कीं संगीत आपोआप मागें सरावें, व तो थांबतांच परत यावें, अशी योजना करतां येते. ‘संगीत’ बसवर कॉम्प्रेसर, म्हणजे ठराविक पातळीच्या वर जाणारा आवाज दाबणारें साधन, बसवावयाचें. परंतु त्यास दाबण्याची खूण स्वतःच्या आवाजावरून न देतां निवेदनाच्या ट्रॅकावरून काढलेल्या फांट्यानें द्यावयाची. निवेदन ‘संगीत’ बसच्या बाहेर ठेवण्याचें कारण हेंच. आंत असतें तर निवेदकानें आपलाच गळा दाबला असता! आणि येथेंहि तोच खड्डा आहे : ‘सभागृह’चा रिटर्न थेट मास्टरकडे नेला, तर संगीत दबतें आणि त्याचा नाद न दबतां निवेदनाभोंवतीं घोटाळतो. म्हणून रिटर्न ‘संगीत’ बसवरच आणला पाहिजे. या वेळीं मीं आधीं कागद घेतला.

गट-बसवर कॉम्प्रेसर लावणें हा स्वतंत्र विषय आहे. एक सूचना मात्र येथें करून ठेवतों. बसवरील कॉम्प्रेसर एकूण बेरजेकडे पाहतो. तालाच्या बसवर ढोलकीचा जोरकस ठोका पडला कीं तबला व टाळहि त्यासरशीं दबतात. माफक असेल तर सर्व वाद्यें एका हातानें वाजल्यासारखीं बांधलीं जातात. अति झालें तर टाळ धापा टाकूं लागतात. तेव्हां ढोलकीस तिच्या ट्रॅकावरच आवरून मग बसवर सोडावी, हें बरें.

दुहेरी वाटांचा उल्लेख मघां आलाच. रीपरमध्यें कोणताहि ट्रॅक बस म्हणून वापरतां येतो, परंतु ट्रॅकावरून सेंडनें बसकडे वाट काढली तरी त्याची मास्टरकडील मूळ वाट चालूंच असते; ती हातानें बंद करावी लागते. न केल्यास तोच ध्वनि दोनदां पोहोंचून ६ डेसिबलपर्यंत चढतो, आणि बसचा फेडर पूर्ण मिटला तरी तो ऐकूं येतच राहतो. ट्रॅक एका फोल्डर-ट्रॅकाच्या पोटांत ठेवले तर ते आपसूक त्या फोल्डरमधून जातात. नवशिक्यानें हीच रीत धरावी. एका वाटेवर ध्वनीस उशीर लागला तर प्रकार अधिक वाईट. दोन सारख्या वाटांत अवघ्या १ मिलिसेकंदाचा फरक पडला, तर ५०० हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहींसा होतो, तसेच १५०० व २५०० हर्ट्झचेहि. आणि आवाज नळींतून आल्यासारखा लागतो. सॉफ्टवेअर प्लगिनांचा उशीर स्वतः भरून काढतें, परंतु बाहेरचें एखादें यंत्र वाटेंत जोडलें असेल तर कानानें तपासून घ्यावें.

नांवें निरनिराळीं आढळतील, त्यांनीं गोंधळूं नये. प्रो टूल्समध्यें बसवरचा ध्वनि ‘ऑक्स इनपुट’वर उतरतो, क्युबेसमध्यें गटास ‘ग्रुप चॅनेल’ व रिव्हर्बच्या वाटेस ‘एफएक्स चॅनेल’ म्हणतात, आर्डूरमध्यें ट्रॅक व बस हे दोन उघड निराळे प्रकार आहेत, बसवर मुद्रण होत नाहीं. वाटा त्याच.

पूर्वीं ही सोय नव्हती. १९६७ सालचा बीटल्स मंडळींचा ‘सार्जंट पेपर्स’ हा सुप्रसिद्ध संग्रह लंडनच्या ॲबी रोड येथें चार ट्रॅकांच्या यंत्रांवर तयार झाला. चार भरले कीं त्यांचें मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एकदोन ट्रॅकांवर उतरवून पुढें नवें मुद्रण करीत. आणि पुढच्या सर्व कामाचा पाया तें मिश्रण असल्यामुळें त्यांतील तबक-झांज जड झाली असें मागाहून वाटलें तर ती सुटी करून काढतां येत नसे. आज बसवर केलेली जुळणी केव्हांहि सुटते, म्हणून आपण विचार न करतां जुळवीत बसतों. त्या लोकांस आधींच कागदावर ठरवावें लागे.

या जुळणीचा एक लाभ यंदा मिळणार आहे. ‘ताल’, ‘सूर’, ‘समूह’ व एकल या वाटा आम्हीं निरनिराळ्या फाईलींत काढून ठेविल्या आहेत; प्रत्येक फाईल गीताच्या अगदीं आरंभापासून सुरू होते, म्हणजे त्या पुन्हां एकावर एक मांडल्या असतां कोठेंहि सरकत नाहींत. ज्या मुलांस घरीं सराव करावयाचा आहे त्यांनीं ‘ताल’ व ‘सूर’ एवढ्याच घ्याव्या. यंदा सहावीचे बारा विद्यार्थी समूहांत नवे आले आहेत. त्यांच्या पालकांनीं त्या फाईली संगीताच्या खोलींतून शनिवारीं शाळा सुटल्यावर न्याव्यात, येतांना पेनड्राइव्ह मात्र स्वतःचा आणावा.